कव्हराखालची घरघर

"चार ट्यूब पुरतात!" पाना म्हणाला.

"पाच लागतील. शेपूट एकटीच दोन ट्यूब बुडवेल," ठसका म्हणाली.

"मी नाही बुडवणार! मी फक्त बसणार!" शेपूट ओरडली.

डोळ्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून तिघांचं खाणीतल्या तळ्यात तराफा सोडायचं ठरत होतं. सुट्टी नुकतीच लागली होती. पाना हा ठसकाच्या शेजारचा मुलगा. त्याच्या खिशात कायम एक स्क्रूड्रायव्हर असायचा. शेपूट ही त्याची धाकटी बहीण. ती भावाच्या मागे मागे असायची आणि दिवसभर प्रश्न विचारायची. आणि ठसका? तिचं बोलणं ऐकून समोरच्याला हमखास ठसका लागायचा. तिची आत्या याच दवाखान्यात काउंटरवर बसून पेशंटची नावं पुकारायची. तिला घ्यायला तिघं आली होती.

एवढ्यात आतून डॉक्टरांचा आवाज आला.

"बाई, आग लागली असती आग! हे बघा!"

तिघं आत धावली. डॉक्टरांच्या हातात कॉम्प्युटरचं जाड, कापसाचा थर घातलेलं कव्हर होतं. ते डॉक्टरीणबाईंनी स्वतः शिवलेलं. मागच्या बाजूला कापड करपून तपकिरी झालं होतं.

"रोज सकाळी मी येतो, तर कॉम्प्युटर चालू! रात्रभर चालू! दुरुस्तीवाल्यानं तपासला. म्हणाला, मशीन ठणठणीत आहे, माणूस विसरतो. घरी जाताना एवढं एक काम होत नाही तुमच्याकडून?"

"मी रोज बंद करते, डॉक्टर," आत्या हळूच म्हणाली.

"म्हणजे हा भुतानं चालू केला? चूक करायची आणि वर खोटंही बोलायचं! शनिवारपर्यंत या. पुढे येऊ नका."

बाकावर पेशंट दाटीवाटीनं बसले होते. डोळ्यांत औषध घातलेले पेशंटसुद्धा पापण्या किलकिल्या करून आत्याकडे बघायला लागले! आत्याचं तोंड एवढंसं झालं. तिनं पुढचं नाव पुकारलं, तेही चुकीचं.

घरी तरी कोणी बाजू घ्यावी? छे! आत्या भावाच्या घरी राहायची, आणि भावाच्या घरी राहणाऱ्या बहिणीनं कमी बोलायचं असतं, असं त्या घरात सगळ्यांनी न बोलताच ठरवून टाकलं होतं. ठसकाचे बाबा ताटावरून मान वर न करता म्हणाले, "डॉक्टर उगीच कशाला बोलतील? विसरली असशील. कबूल करून टाक, माफी माग, म्हणजे मिटेल."

"न केलेल्या चुकीची माफी मागू, दादा?"

"मग बस घरी!"

ठसकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी तिनं पानाला गाठलं. "तराफा गेला खड्ड्यात! आत्या खोटं बोलत नाही. मग तो कॉम्प्युटर सकाळी चालू कसा असतो, ते शोधायचं."

"दुरुस्तीवाल्यानं तर बघितलाय."

"त्यानं बघितलाय! काय बघितलंय? स्क्रीन पुसली, चहा प्यायला आणि गेला!"

संध्याकाळी डॉक्टर गेल्यावर आत्या आवरायला लागली. तिघं बाकावर गप्प बसून एकेक गोष्ट टिपत होती. आत्यानं माउसनं 'बंद करा' दाबलं. स्क्रीन काळी झाली. लगेच तिनं मॉनिटरचं बटण बंद केलं, लगेच कव्हर घातलं आणि पंख्यांकडे वळली.

"एवढी घाई का करतेस?" ठसकानं विचारलं.

"घाई नाही गं, नियम आहे. स्क्रीन गेली की आधी कव्हर. धूळ बसायला नको म्हणून डॉक्टर रागावतात."

"आणि भिंतीवरचं बटण?" पानानं विचारलं.

"त्याला हात लावायचा नाही. त्याच बोर्डावर औषधांचा फ्रीज आहे. एकदा चुकून बंद झालं आणि सगळे थेंब फुकट गेले होते."

तेवढ्यात शेपूटची गोटी घरंगळत काउंटरखाली गेली. ती रांगत आत शिरली आणि आतूनच ओरडली, "ताई! हे घोरतंय!"

"फ्रीज असेल," आत्या म्हणाली. "रोज घरघरतो तो."

"फ्रीज तिकडे आहे! घोरतंय ते इकडे!"

ठसका आत घुसली. तिनं कव्हराखाली हात घातला. कॉम्प्युटरचं कॅबिनेट थरथरत होतं आणि हिरवा दिवा लागला होता! तिनं कव्हर ओढून बाजूला टाकलं आणि मॉनिटर लावला. कॉम्प्युटर सकाळसारखा ताजातवाना, कामाला तयार!

"आत्ताच तर बंद केला!" आत्या म्हणाली. तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

"पुन्हा कर," ठसका म्हणाली. "पण कव्हर नाही घालायचं."

आत्यानं पुन्हा दाबलं. स्क्रीन काळी झाली आणि दिवा विझला. आणि मग टिक्! दिवा लागला, पंखा फिरायला लागला.

"परत उठला!" शेपूटनं टाळ्या पिटल्या.

आत्या स्टुलावर बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. मशीन बंद व्हायच्या ऐवजी पुन्हा सुरू होत होतं, आणि ते कळायच्या आत त्याच्यावर कव्हर पडत होतं! मग रात्रभर ते त्या जाड कापडाखाली तापायचं. डॉक्टरांच्याच नियमानं डॉक्टरांचंच कव्हर करपलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

"चला, डॉक्टरांना सांगू!" शेपूट म्हणाली.

"ते म्हणतील, तुम्हीच काहीतरी केलंत," पाना म्हणाला. "कारण सापडायला हवं." तो खुर्चीवर चढून बसला. "बिघाड झाला की आपोआप पुन्हा सुरू व्हायचं, अशी एक सेटिंग असते. ती काढून बघू. पडायचंच असेल तर पडू दे, म्हणजे कशाला अडखळतोय ते तरी कळेल."

त्यानं सेटिंग शोधून खूण काढली आणि कॉम्प्युटर बंद केला. या वेळी तो पुन्हा सुरू झाला नाही. स्क्रीनवर निळं पान उमटलं, त्यावर ओळीच ओळी.

"काय लिहिलंय?" आत्यानं घाबरून विचारलं.

"बंद होता होता याला कोणीतरी पाय घालून पाडतंय. जोडलेल्यापैकी एखादी वस्तू असणार. एक एक वायर काढून बघू. एका वेळी एकच हं, नाहीतर गोंधळ होईल."

आधी ती सेटिंग त्यानं पूर्ववत केली. मग प्रिंटरची वायर काढली. बंद केला, पण पुन्हा उठला. ती परत लावून माउसची काढली, तरी उठला. कीबोर्डची काढली, तरीही उठला!

"पालथ्या घड्यावर पाणी," ठसका पुटपुटली.

शेपूट अजून टेबलाखालीच होती. "दादा, ही काळी वायर कुठे जाते? ही भोकातून खणात गेलीय."

सगळ्यांत खालचा खण. त्याला कुलूप.

"तो डॉक्टरांचा खण," आत्या घाईनं म्हणाली. "किल्ली त्यांच्याकडेच असते. मी जेवायला घरी येते ना, तेव्हा ते इथे बसून काही काम करतात. हात लावायचा नाही त्याला!"

"खणाला नाही लावत. वायर तर बाहेर आहे ना!" म्हणत पानानं वायर उपसली आणि कॉम्प्युटर बंद केला.

दिवा विझला. पंखा थांबला. सगळी वाट बघत राहिली. काहीच झालं नाही! वायर परत जोडली, बंद केला, आणि टिक्, हा उठून बसला!

"सापडला!" तिघं एकदमच ओरडली. आत्यानं मात्र डॉक्टरांना दाखवता यावं म्हणून वायर लावलेलीच ठेवायला सांगितली. रात्री तापू नये म्हणून कव्हर मात्र घडी करून बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार उजाडला. शेवटचा पेशंट तपासून होण्याच्या बेतात असताना ठसका काउंटरपाशी उभी राहिली. बाकावर अजून सात-आठ जण चष्म्यांसाठी थांबले होते. ज्यांच्यासमोर आत्याला खोटारडी म्हटलं होतं, त्यांतलेही काही होतेच.

"डॉक्टर, आज आत्याचा शेवटचा दिवस," ठसका अगदी गोड आवाजात म्हणाली. "आज कॉम्प्युटर तुम्हीच बंद कराल? म्हणजे आत्या विसरायला नको."

"वा! पोर समजूतदार आहे," डॉक्टर हसले. ऐटीत येऊन त्यांनी बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली. सवयीनं त्यांचा हात कव्हराकडे गेला, पण कव्हर पाठीमागे धरून शेपूट उभी!

"दे गं ते."

"थोडं थांबा ना, काका."

टिक्! पंखा घरघरायला लागला. डॉक्टरांनी पुन्हा बंद केला. पुन्हा टिक्!

"हे काय?"

"रोज हेच होतं," ठसका म्हणाली. "आत्या बंद करते आणि हा उठतो. कव्हराखाली कोणाला दिसणार? पाना, ती वायर काढ!"

पानानं वायर काढून कॉम्प्युटर बंद केला, तसा तो मुकाट्यानं झोपला. बाकावर कुजबुज सुरू झाली.

"काका, ही वायर तुमच्या खणात का जाते?" शेपूटनं विचारलं.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "काही नाही, जुनं काहीतरी..."

"उघडा की मग," एका डोळ्यावर पट्टी बांधलेले एक आजोबा म्हणाले. "आम्हीही बघू. एका डोळ्यानं का होईना!"

सगळे हसले. आता न उघडून सुटका नव्हती. डॉक्टरांनी खण उघडला. आत जॉयस्टिक! विमान उडवायच्या खेळाची, जुनीपुराणी, वायर चिकटपट्टीनं गुंडाळलेली. आत्या जेवायला गेली की डॉक्टरसाहेब इथे बसून विमानं उडवत होते! आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय!

डॉक्टर मोठ्यानं हसले. असं हसता येणं हीसुद्धा मोठ्या माणसांची कला आहे. "कमाल केलीत पोरांनो! शाब्बास! दुरुस्तीवाल्याला जमलं नाही ते तुम्ही करून दाखवलंत!" त्यांनी तिघांच्या हातात चॉकलेटं कोंबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आणि बाई, सोमवारी या बरं का नेहमीसारख्या."

"डॉक्टर," आत्या म्हणाली, "मी खोटं बोलले नव्हते, एवढं म्हणाल? सगळे आहेत तोवर."

टाळ्या थांबल्या. डॉक्टरांनी घड्याळात बघितलं.

"अहो, गैरसमज झाला. आता कशाला ताणता? आजोबा, या, तुमचा चष्मा बघू."

ठसकानं चॉकलेटं काउंटरवर ठेवली. पानानं तिच्याकडे बघितलं आणि आपलीही ठेवली. शेपूटनं एक तोंडात टाकलं होतं. उरलेलं तिनं हळूच त्यांच्या शेजारी ठेवलं.

घरी बातमी आधीच पोचली होती. बाबांनी ठसकाची पाठ थोपटली. "पोरीनं नाव काढलं! डॉक्टरांची बोलती बंद केली म्हणे!"

"बाबा, मला नको. आत्याला म्हणा. तुम्हीही तिला विसराळू म्हणालात."

"तिला काय म्हणायचं? घरचीच तर आहे. सुटली ना आता!" आणि ते हात धुवायला गेले.

सोमवारी सकाळी आत्या नेहमीप्रमाणे डबा भरत होती. ठसका दारात आडवी उभी राहिली.

"का जातेस तिथे? त्यांनी एक शब्द काढला नाही!"

"जाऊ नको तर काय करू? दुसरीकडे गेले की पहिला प्रश्न विचारतील, आधीचं काम का सोडलंत? काय सांगू त्यांना? खरं बोलले म्हणून?" आत्यानं डब्याचं झाकण दाबलं. "आणि तुम्ही पोरांनी ती वायर शोधली म्हणून वाचले गं. नसती सापडली तर? माझ्या शब्दावर कोणी थांबलं असतं का? दवाखान्याचं सोड, या घरात तरी?"

ठसका दारातून बाजूला झाली. आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, चपला घातल्या आणि दवाखान्याची वेळ गाठायला ती भराभर चालायला लागली.