मस्तगडातली लाइफबोट

खोटं वाटलं तर वाटू द्या. ज्या खोलीत हे घडलं, त्या खोलीत मी जेवलेय, झोपलेय. आता तिथे पाणी प्यायलासुद्धा थांबत नाही.

गाव जालना. भाग मस्तगड. गेल्या वर्षीचा मे महिना, तिसरा रविवार, दुपारचे तीन.

हो, दुपारचे. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं कुणी सांगितलं तुम्हाला?

भार्गवी माझी मावसबहीण. एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये ती उगवण तपासते. ओल्या कागदावर शंभर दाणे ठेवायचे आणि त्यातले किती उगवले ते बघायचं. डोळ्यांनी दिसलं तेवढंच खरं मानणारी बाई. तिने मला जसं सांगितलं, तसंच सांगते.

तिचा धाकटा भाऊ अद्वैत मालवाहू जहाजावर अधिकारी होता. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, आणि हा पोरगा समुद्रावर राहतो, याचं सगळ्या गल्लीला कौतुक.

डिसेंबरात जहाजावरून फोन आला.

लाइफबोटीचा सराव चालू होता. बोट वरून पाण्यात उतरवताना हूक सुटला. आत पाच जण होते. बोट त्यांच्यासकट खाली कोसळली, उलटली आणि थोड्या वेळाने बुडाली. तिघे वाचले.

अद्वैत त्या तिघांत नव्हता.

देहही मिळाला नाही. तिथे समुद्र फार खोल होता म्हणे.

जीव वाचवायची बोट, आणि तिच्यातच लेकरू गेलं. तारामावशी तेवढंच एक वाक्य महिनाभर बोलत होती. मग तेही थांबलं.

मार्चमध्ये अद्वैतची ट्रंक घरी आली. कपडे, बूट, दाढीचं सामान. आणि तळाशी, स्वेटरमध्ये गुंडाळलेलं एक खोकं.

न उघडलेलं.

झाकणावर चित्र होतं... नारिंगी रंगाच्या लाइफबोटीचं.

अद्वैतला शाळेपासून प्लॅस्टिकची मॉडेलं जोडायचा नाद. विमानं, रणगाडे, जहाजं. भालचंद्रकाका, म्हणजे त्याचे वडील, तेव्हा त्याला बोलायचे की अभ्यास सोडून हे काय भिकार धंदे. आता तेच काका ते खोकं मांडीवर घेऊन दोन दिवस बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते उघडलं.

मावशीने एकदा आत डोकावून बघितलं. पिशवी भरली आणि तीर्थपुरीला आमच्याकडे आली. ती वस्तू घरात आहे तोवर मी यायची नाही, असं सांगून आली.

घरात दोघंच उरले. काका आणि भार्गवी.

काका पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. चाळीस वर्षं धरणांचे नकाशे काढलेले हात. तरीही त्या किटने त्यांचा घाम काढला. तीनशेच्या वर तुकडे. प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले. एकेक कापायचा, कानशीने घासायचा, आधी कोरडा बसवून बघायचा, मग चिकटवायचा. त्यासाठीचा गोंद साधा नसतो. तो प्लॅस्टिक वितळवतो. दोन तुकडे एकजीव होतात, परत सुटत नाहीत.

सगळ्यात अवघड होते ते दोन हूक. एकेका हुकाचे अकरा भाग, मोहरीएवढे. एक चिमट्यातून उडाला तर काकांनी अख्खी खोली ओल्या फडक्याने पुसून तो शोधला. हूक पहिल्यांदा जोडले ते त्यांना पटले नाहीत. चौकटींच्या उरलेल्या प्लॅस्टिकमधून सहा वेळा त्यांनी ते नव्याने घडवले.

भार्गवीने एकदा विचारलं, हे कशासाठी करून राह्यले?

काका म्हणाले, "या वेळेस हूक सुटायचा न्हाई."

भार्गवीला वाटलं, माणूस कशात तरी गुंतला आहे, गुंतू द्यावा.

किटमध्ये पाच माणसं होती. बोटाच्या पेराएवढी, पट्टे लावून बसलेली. काकांनी त्यांना रंग दिला, नारिंगी जॅकेटं, पांढरी हेल्मेटं. मग आत एकेक जागेवर चिकटवलं.

चार चिकटले.

दाराजवळचा पाचवा मात्र...

रोज सकाळी तो बोटीच्या तळाशी पडलेला असायचा. काका पुन्हा चिकटवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तळाशी. तोंड खाली करून.

गोंद जुना असेल, भार्गवी म्हणाली. तिने औरंगाबादहून, म्हणजे आता संभाजीनगर, नवी बाटली मागवली. उपयोग झाला नाही.

मे उजाडला. त्या उन्हात आमच्याकडे माशा काही सोडत नाहीत. ताटावर, तोंडावर, सगळीकडे. पण भार्गवीच्या लक्षात आलं...

काकांच्या टेबलावर एकही माशी बसत नव्हती.

आंब्याची फोड ठेवली तरी नाही.

आठ तारखेला काकांनी पाचवा माणूस पुन्हा एकदा चिकटवला, दोन तास बोटाने दाबून धरला, आणि तो सुटायच्या आत बोटीचं छत बसवून टाकलं. ती बोट वरून पूर्ण बंद असते. सांधा लिंपला, घासला, त्यावर रंग दिला. आता ती उघडायची म्हणजे फोडावीच लागणार होती.

बोट लाकडी स्टँडवर ठेवून काका त्या रात्री पोटभर जेवले. कितीतरी दिवसांनी. भार्गवीला बरं वाटलं. तिने मावशीला फोन करून सांगितलं की झालं एकदाचं.

सकाळी बोट स्टँडवर नव्हती.

शेजारीच होती. टेबलावर...

उलटी.

तळ वर, छत खाली.

काकांनी सरळ केली. दुपारी बघितलं तर परत उलटी. खिडक्या बंद, पंखा बंद. मांजर नाही, उंदीर नाही. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी काकांनी तिला सरळ करणं सोडून दिलं. खुर्ची टेबलाला लावून ते तिच्याकडे बघत बसले. आंघोळीला उठेनात. भार्गवी ड्युटीवरून यायची तेव्हा डबा तसाच असायचा, झाकण न काढलेला. दोनदा तिने डॉक्टरांना घरी आणलं. ते म्हणाले, दुःख आहे, वेळ जाऊ द्या.

आणि मग तो रविवार.

वीज गेलेली. कूलर बंद. खालचं कापडाचं दुकान बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. भार्गवी आतल्या खोलीत ओली चादर अंगावर घेऊन पडली होती. इतकं शांत, की तिला स्वतःच्या कानातला आवाज येत होता.

तेवढ्यात...

टक. टक. टक.

बारीक. नखाने काचेवर वाजवावं तसा.

मग काहीच नाही.

मग पुन्हा. टक. टक. टक.

ती उठून बाहेर आली. काका टेबलावर वाकले होते. एक कान बोटीच्या तळाला लावलेला. डोळे मिटलेले. तीन ठोके आतून आले. काकांनी बोटाचं पेर वाकवून टेबलावर तीन ठोके दिले.

आतून उत्तर आलं.

भार्गवी टेबलाजवळ गेली. ती लॅबमधली बाई. तिने स्वतःला बजावलं, तो पाचवा माणूस सुटला असेल, आत घरंगळत असेल. तिने बोट उचलली. हलवून बघितली.

आत काहीच हललं नाही.

हातात धरलेली असताना, तिच्या तळव्यावर... टक. टक. टक.

किती दिवस हे ऐकून राह्यले, तिने विचारलं. गुरुवारपासून, काका म्हणाले.

तिने बोट खाली ठेवली, आत जाऊन हरिओमला फोन लावला. हरिओम अद्वैतच्या जहाजावरचा, वाचलेल्या तिघांतला. तिला ठोक्यांचं विचारायचं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, की बोट उलटल्यावर नक्की काय झालं होतं?

हरिओम म्हणाला, "ताई, बाबांनी तुम्हाला सांगितलं नाही का?"

त्याने सांगितलं ते असं. तशी बोट उलटली तरी आपोआप सरळ व्हायला पाहिजे. ती झाली नाही. तिघे बाहेर फेकले गेले, एक जण पडतानाच गेला. अद्वैत आत राहिला. उलट्या बोटीत थोडी हवा अडकलेली असते, त्या हवेवर. तो आतून ठोकत होता. तीन-तीन ठोके. वरून तळ कापायचं ठरलं, हत्यारही आणलं. पण कप्तान म्हणाले, कापू नका. भोक पडलं की हवा निघून जाईल आणि बोट दगडासारखी खाली जाईल. मदतीची वाट बघू.

चाळीस मिनिटं ते वाट बघत होते. चाळीस मिनिटं ठोके येत होते.

मग थांबले. मग बोट गेली.

"आम्ही तळावर हात ठेवून बसलो होतो, ताई," हरिओम म्हणाला. "हाताला लागायचे ते."

भार्गवीने फोन ठेवला. बाहेर आली. टेबलावरचा पेनासारखा बारीक चाकू उचलला.

काकांनी तिचं मनगट धरलं. त्या माणसाच्या हातात इतकी ताकद उरली असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"कापू नको, भार्गवी. आतली हवा जाईल."

"बाबा, न्हाई कापलं म्हणून तर गेला ना तो."

"ठोकतोय तोवर आहे तो."

"आणि आपण काय करायचं? ऐकत बसायचं?"

"हो," काका म्हणाले. "मी बसतो. तू जा तुझ्या आईकडे."

ती म्हणते, तेव्हा तिने काकांचा चेहरा बघितला. गालफडं आत गेलेली, ओठ फुटलेले. चार दिवसांत पाणी किती प्यायले कोण जाणे. आणखी आठ दिवस असे गेले असते तर तिने बापही घालवला असता. तिने मनगट सोडवून घेतलं. बोट एका हाताने दाबून धरली आणि तळाच्या मधोमध पातं टेकवलं.

ठोके येतच होते.

प्लॅस्टिक चिवट होतं. दोन वेळा पातं घसरलं, तिचं बोट कापलं. तिसऱ्यांदा ते आत गेलं.

फस्स... असा बारीक आवाज झाला. सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा.

आणि सगळं थांबलं.

पुढचा ठोका आलाच नाही.

तिने वेड्यासारखा तळ फाडून काढला. आत पाणी नव्हतं. पाचही माणसं आपापल्या जागी बसलेली. पाचवासुद्धा, दाराजवळ, घट्ट चिकटलेला. तिने नखाने ओढून बघितला, निघाला नाही. त्या बोटीत वाजण्यासारखं काहीही नव्हतं.

काका रागावले नाहीत. त्यांनी तुकडे गोळा केले, चाकू पुसला, बाटलीचं झाकण लावलं. संध्याकाळी स्वतःहून जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी गुरुजींना फोन करून त्यांनी अद्वैतच्या विधीचं विचारलं. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, ते त्यांनी इतके महिने करू दिलं नव्हतं. मावशी परत गेली. आम्ही सगळे गेलो होतो. लोक म्हणाले, बरं झालं, माणूस मार्गी लागला.

काका तेव्हापासून भार्गवीशी बोलतात. चहा मागतात, ड्युटीचं विचारतात. पण तिच्याकडे बघत नाहीत. वर्ष झालं, एकदाही नाही.

परवा ती आमच्याकडे तीर्थपुरीला आली होती. मी तिला म्हटलं, तू केलंस ते बराबर केलंस. तू त्याला सोडवलंस.

ती बोटावरची जुनी कापल्याची खूण चोळत बसली. मग म्हणाली, एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही.

"पातं टेकवलं ना, तेव्हा ठोके जल्दी झाले. एकदम जल्दी. तीनचे तीन राहिले न्हाईत, नुसते एकामागं एक..."

तिने मूठ मिटली.

"त्याला कळलं होतं, कुणीतरी कापून राह्यलंय," ती म्हणाली. "पण तो 'लवकर काढा' म्हणत होता, का 'कापू नका' म्हणत होता... ते मला आजपर्यंत कळलं न्हाई."