फक्कीचं दार

"अहो, थांबा... मी ढकलते!"

लातूरच्या त्या मोकळ्या मैदानावर मंजुश्रीनं पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या दारात चाकांच्या खुर्चीतला एक तरुण अडून बसला होता. एवढं देखणं पोरगं, अन् नशीब बघा कसं! मंजुश्रीचा जीव गलबलला. ओढणी कमरेला खोचून तिनं जोर लावला. चाकानं रेघ फिसकटली, अन् तो पठ्ठ्या खुर्चीतून उठून सरळ चालायलाच लागला.

"दार अरुंद आहे, मॅडम," तो पँटवरची फक्की झटकत म्हणाला. "खरी भिंत असती तर कोपर सोललं असतं."

"म्हणजे तुम्हाला... चालता येतं?"

"येतं की! अन् तुम्हाला राग येतोय, तेही दिसतंय."

हा अमरेश. नांदेडचा फिजिओथेरपिस्ट, ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रासाठी सल्ल्याला आलेला. केंद्राचा नकाशा आर्किटेक्ट मंजुश्रीचा. कागदावरचं म्हाताऱ्या माणसांना कळत नाही म्हणून तिनं अख्खी इमारत जमिनीवर आखली होती. आता आजी-आजोबा त्यातून फिरायचे अन् काय हवं-नको ते सांगायचे.

आणि काय सांगायचे, बापरे! सिद्धम्मा आज्जीला पाय पसरून सतरंजीवर बसायचं, तर खाजामियाँ चाचांचे गुडघे वाकेनात, त्यांना उंच ओटा हवा. आज्जीला जपाला शांतता हवी, अन् चाचांना कमी ऐकू येई, म्हणून ते ओरडूनच बोलत. मंजुश्रीनं दोघांच्या मधे भिंत आखली, तर दोघंही रुसले.

"मंग म्या बोलायचं कुणासंगं?" आज्जी म्हणाली. भिंत पुसली.

अमरेश दर रविवारी नांदेडहून यायचा. तिच्या डब्यातली धपाटी खायचा. "गालाला फक्की लागलीय..." असं हळूच म्हणून रुमाल पुढं करायचा, अन् तिच्या छातीत धडधड सुरू होते न होते तोच, "कठड्याची रेघ जरा आत घ्या," म्हणायचा. मंजुश्री पार गोंधळून गेली होती. हा बाबा आपल्याकडे बघतो, की आपल्यामागच्या कठड्याच्या रेघेकडे? विचारावं तर लाज, न विचारावं तर झोप नाही.

अन् आज नकाशा मंजूर झाला. म्हणजे अमरेशचं काम संपलं, पुढचा रविवार रिकामा. वरून श्रावणातली झिमझिम लागली, अन् फक्कीच्या रेघा विरघळायला लागल्या. तिला रडूच आलं. सगळे पत्र्याच्या शेडखाली उभे राहिले. अमरेश हातातल्या मोजायच्या टेपशी चाळा करत होता.

"मॅडम... तुमच्या घराचं दार किती रुंद आहे?"

"घराचं? अहो, केंद्राचं ठरलं ना!"

"केंद्राचं नाही हो. तुमच्या घराचं." तो अडखळला. "माझी आई खुर्चीवर असते... पहिल्या दिवशी मी बसलो होतो ना, त्याच मापाची. तिला घेऊन तुमच्या आईबाबांना भेटायचं होतं."

"अच्छा... त्यांना व्यायाम शिकवायला?"

सिद्धम्मा आज्जीनं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं येडे, मागणी घालून राहिलाय त्यो तुला! आमा समद्यास्नी कवाच कळलंय!"

"काय? काय म्हणाला?" चाचा ओरडले. आज्जीनं त्यांच्या कानात सांगितलं. "मुबारक, बेटी, मुबारक!" अर्ध्या गल्लीला ऐकू गेलं.

मंजुश्रीचे कान तापले. इतक्या दिवसांचा गुंता सुटला, अन् आता हसू आवरेना. मग एकदम तिला आठवलं.

"दार अरुंदच आहे हो आमचं," ती म्हणाली. "उंबराही उंच आहे."

अमरेशचा चेहरा पडला. "म्हणजे... नको?"

"मी कुठं नको म्हणाले?" तिनं त्याच्या हातातली टेप काढून घेतली. "उद्याच मिस्त्री बोलावते. चौकट काढू, उतार घालू. आईंना घेऊन या. फक्त ह्या वेळी... खुर्ची तुम्ही ढकलायची."