सिरिलला ठेवून घ्या

ही गोष्ट खोटी निघाली तर मला बरंच वाटेल. पण एनिडबाई माझ्या सख्ख्या शेजारीण. थापा मारणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. जे सांगितलं ते रडत सांगितलं.

२०१६ चा सप्टेंबर. शेवटचा गुरुवार. इंग्लंडातल्या श्रॉपशरमधला थॉर्नली हॉल, बघायला खुला असलेला जुना वाडा.

चर्चच्या मंडळींची एक दिवसाची सहल होती. दुपारचे तीन वाजलेले, लख्ख ऊन. घाबरावं असं काही म्हणजे काहीच नव्हतं.

सोबत एनिडबाईंचा नवरा, सिरिल. दोन वर्षांपासून सगळं विसरत चाललेला. रोज सकाळी बायकोलाच विचारायचा, "बाई, तुम्ही कोण?"

एनिडबाईंना एवढंच हवं होतं... एकदा, फक्त एकदा त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं.

मोठं घर बघून झालं. चहा आणि स्कोन झाले. मंडळी बागेत पांगली. एनिडबाईंनी सिरिलला गुलाबांपाशी बाकावर बसवलं. त्यांना बाथरूमला जायचं होतं, आणि त्याला एकटं सोडायची सोय नव्हती.

तेवढ्यात झाडांच्या कुंपणाआडून एक बाई आली. राखाडी एप्रन, हातात फुलं कापायची कात्री.

"जा तुम्ही. यांना ठेवून घेऊ का मी?"

एनिडबाई दमल्या होत्या. हसून म्हणाल्या, "घ्या की! कायमचाच ठेवून घ्या. परत मागायला येत नाही मी!"

ती बाई हसली नाही.

"बरं," एवढंच म्हणाली.

पाच मिनिटं. फार तर सहा.

परत आल्या तर... बाक रिकामा.

"सिरिल?"



कबुतरं घुमायची थांबली होती. मघापासून खिदळणारी सहलीची मंडळी... एकाचाही आवाज नाही.

मग मागे खडी वाजली...

कर्र... कर्र...

झपझप पावलं. आणि सिरिल तर पाय ओढत चालायचा!

"एनिड! अगं, कुठं होतीस? बस सुटेल ना आपली!"

सिरिलच. ताठ उभा. डोळ्यांत ओळख.

एनिडबाई त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडल्या. देव पावला, दुसरं काय! बसमध्ये तो लग्नानंतरच्या सहलीचं बोलत होता. तिथल्या मासे करपवणाऱ्या लॉजवालीची नक्कलसुद्धा करून दाखवली.

घरी आल्यावर त्यानं कोट खुंटीला अडकवला आणि शीळ घालत चहा टाकायला गेला.

फोन वाजला.

"थॉर्नली हॉलमधून बोलतेय. आम्ही गेट बंद करतोय, पण बागेत बाकावर एक आजोबा बसलेत. कोटाच्या आत पट्टीवर तुमचा नंबर शिवलाय."

ती पट्टी एनिडबाईंनी स्वतःच्या हातानं शिवली होती.

त्यांनी खुंटीवरचा कोट उलटा करून पाहिला.

पट्टी नव्हती. उसवल्याची खूणही नव्हती.

"हॅलो? त्यांना दुसरं काही सांगताच येत नाहीये हो. नुसते रडतायत. एनिड... एनिड... करत."

स्वयंपाकघरातून हाक आली. "एनिड, कोणाचा गं फोन?"

"राँग नंबर," एनिडबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

सकाळी त्यांना राहवलं नाही. त्यांनीच तिकडे फोन लावला. कळलं ते असं, की आजोबांसाठी कोणी ब्लँकेट आणायला आत गेलं, आणि बाहेर येईतो बाकावर कोणी नव्हतं. पोलिसांनी अख्खी बाग पालथी घातली. राखाडी एप्रनवाली बाई तर तिथं कामालाच नाही.

याला आता कैक वर्षं झाली. सिरिल ठणठणीत आहे. माझ्या मुलांचे वाढदिवससुद्धा त्याच्या लक्षात असतात.

परवा कुंपणापाशी एनिडबाईंनी माझा हात घट्ट धरला.

"पोरी, घरातला मला दिवसातून पन्नासदा हाक मारतो. मी ओ देते. पण तिथं रडत होता ना... तो माझा होता गं. मला ठाऊक होतं. आणि तरी मी फोन ठेवला."



मागून त्याचा आवाज आला. "एनिड, आत ये बघू. गार सुटलंय."

त्या गेल्या.

तो मात्र दारातच उभा राहिला... माझ्याकडे बघत. मग माझं नाव घेऊन हसला.

मी घरात आले आणि दाराला कडी घातली.