येतो म्हणावं

“निघतो, आजी,” असं म्हणून तो पायरी उतरला, आणि माझ्या आत्याचा हात तव्यावरच थांबला.

“निघतो काय रे मेल्या? परत तोंड दाखवायचं नाय काय? येतो म्हणावं!”

तो गर्रकन वळला. अंगात कंपनीचं जॅकेट, गळ्यात ओळखपत्र, हातात मिटलेली छत्री... आणि चेहऱ्यावर वर्गात पकडल्या गेलेल्या मुलाचा भाव. तो भाव मी चांगला ओळखते. महाडच्या शाळेत सातवीला मराठी शिकवते मी. रविवारी मात्र हिरकणीवाडीला आत्याच्या खानावळीत ताक वाढते, कारण गडाच्या रोपवेला आलेले लोक पिठलं-भाकरीवर तुटून पडतात आणि गोदूआत्याला हात दोनच आहेत.

“येतो,” तो म्हणाला. म्हणाला आत्याला, पण बघत होता माझ्याकडे. किंवा माझ्या हातातल्या ताकाच्या तांब्याकडे. मी आपलं माझ्याकडे असं धरून चालले.

श्रावण सरत आला होता. गडावर ढग उतरले, रोपवे बंद पडला, आणि पुण्याहून आणलेल्या पाहुण्यांना घेऊन हा पठ्ठ्या अर्ध्या तासात पुन्हा दारात हजर.

“आलो,” पावसाचं पाणी झटकत तो म्हणाला. “तुमच्या आजींचा शब्द फारच लवकर लागू पडतो.”

“आजी नाही, आत्या. आणि ताक संपलं.”

“मग मी काय पिऊ?”

“पाऊस आहे की भरपूर.”

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा थोडा जास्त मिटतो. हे मला तेव्हा दिसायला नको होतं, पण दिसलं... त्याला मी काय करू?

त्याचं नाव हर्षद. टूर मॅनेजर. लोकांचे गट घेऊन सिंगापूर, जपान, व्हिएतनाम असं फिरवणं हे त्याचं काम. बोलणं अगदी स्वच्छ, पुण्याच्या इस्त्रीचं. आत्या भाकऱ्या थापता थापता सगळं ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, “बोटीत बसवतोस काय रे तू लोकांना? मोठ्या?”

“बसवतो ना. क्रूझ म्हणतात तिला.”

आत्या चुलीकडे वळली. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, जन्मभर मुंबईच्या गोदीत बोटी भरत राहिले. माल चढवला, पण स्वतः एकाही बोटीत बसले नाहीत. ते गेले, आणि त्यांच्या वाटणीची बोट आत्याच्या मनात अडकून राहिली.

“दिवाळीनंतर महाड-पोलादपूरचा एक गट निघतोय,” हर्षद म्हणाला. “सिंगापूर, मलेशिया आणि मधे क्रूझ. भातकापणी उरकलेली मंडळी आहेत, तुमच्या ओळखीचीच निघतील. फक्त खोली दोघांत असते. जोडीला कोणीतरी लागेल.”

‘जोडीला’ म्हणताना त्यानं माझ्याकडे अजिबात पाहिलं नाही. इतकं अजिबात, की मला कळलंच.

“हिला सुट्टी असते तेव्हा,” आत्या म्हणाली.

घरी आईनं एका अटीवर होकार दिला. पनवेलचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, फ्लॅट स्वतःचा, माणसं चांगली. त्यांना मी पसंत होते. मला कोण पसंत आहे, हे विचारायचं सगळ्यांच्याच गडबडीत राहून गेलं होतं. “जाऊन ये,” आई म्हणाली, “आलीस की त्यांना होकार कळवून टाकू.” मी मान हलवली. मान हलवायला काय जातं! तेव्हा मला ठाऊक नव्हतं, काय जातं ते.

*

सिंगापूरला उतरल्या उतरल्या हर्षदनं प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटं यंत्र अडकवलं. त्याची वायर कानात खोचायची. तो त्याच्या माईकमध्ये बोलणार आणि आम्ही सगळे कितीही पांगलो तरी ऐकणार. आपण मात्र त्यातून काही बोलू शकत नाही. आमच्या गटातल्या बायाबापड्यांना यंत्राची भारी गंमत वाटली. उमरठच्या सहदेवकाकांनी तर जेवतानाही ते काढलं नाही.

आणि मी? दिवसभर एका पुरुषाचा आवाज कानात घालून हिंडायचं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला कळे. “उजवीकडे पाहा... पायरी आहे, सांभाळा... पाणी प्या, ऊन फार आहे.” बोलत असायचा तो सगळ्यांशी, पण पोचायचं थेट माझ्या कानात. रात्री यंत्र उशाशी ठेवलं तरी कानात तोच.

बोटीवर दुसऱ्या संध्याकाळी आत्या नि मी डेकवर बसलो होतो. समुद्र नुसता तांबूस झाला होता. आत्यानं बटव्यातून सुकटीच्या चटणीची डबी काढली. सामान बांधताना ‘वासाचे पदार्थ आणू नका’ असं हर्षदनं बजावलं होतं, त्याकडे तिनं सरळ कानाडोळा केला होता. डबी उघडली मात्र, तो मागे येऊन उभा!

“मॅडम, हे चालत नाही हं बोटीवर...” त्यानं खोल श्वास घेतला. मग इकडेतिकडे बघून हळूच, “थोडी मिळेल?”

आत्यानं त्याला नीट न्याहाळलं. “पुण्याचा माणूस सुकट मागतोय? कुठला रे तू? खरं सांग.”

“कुडपणचा,” तो पुटपुटला.

कुडपण! पोलादपूरच्या वरचं, ढगातलं गाव. म्हणजे हा आमच्याच पाण्याचा! मी कपाळाला हात लावला. “मग इतके दिवस ‘मॅडम, कृपया, आपण’ हे काय चाललंय?”

“पहिल्या टूरला मी माईकवर म्हणालो होतो, ‘चला गो बायांनो, उशीर होतोय.’” त्यानं बोट चाटलं. “परत येईपर्यंत बसमधली पोरं मला ‘गो-गो’ म्हणून चिडवत होती. तेव्हापासून ते सगळं गावी ठेवून येतो.”

“वाईट झालं. चांगलं आहे ‘गो’. एकदा म्हणून दाखवा की.”

“प्रवाशांना म्हणायचं नसतं.”

“मग कोणाला म्हणायचं असतं?”

त्याचा डावा डोळा जरा मिटला. उत्तर दिलं आत्यानं, समुद्राकडे बघत. “हे आमचे गोदीत परत जायला निघाले की उंबऱ्यात उभे राहायचे. आईला म्हणायचे, ‘येतो’. शेजारणीला म्हणायचे, ‘येतो’. मग माझ्याकडं वळून हळूच, ‘येतो गो’. त्या एका ‘गो’वर मी गणपती ते शिमगा काढायची.”

पाठोपाठ ती डबी बंद करून आत गेली. मुद्दामच गेली असणार. आम्ही दोघंच उरलो, आणि वारा.

“मी परत गेल्यावर पनवेलच्या स्थळाला होकार कळवणार आहेत,” मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

“चांगलं आहे स्थळ?”

“सगळे म्हणतात.”

“आणि तुम्ही?”

“मला कुणी विचारलंच नाही अजून.”

तो कठड्याला टेकला. “माझी आई कुडपणला अंगणात बसून असते,” तो म्हणाला. “मी वर्षातले चार महिनेसुद्धा घरी नसतो. एका बाईला वाट बघायला बसवलंय, तेच मनाला लागतं. दुसरीला बसवायचं म्हणजे...”

“दुसरीला विचारलंत का, तिला बसायचंय की नाही?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं, की मी ओढणी सारखी करण्याचं निमित्त काढलं. तेवढ्यात सहदेवकाका त्याला हाका मारत आले. त्यांच्या खोलीचं दार उघडत नव्हतं. ऐन वेळी दारं बंद होणं आमच्या नशिबातच दिसत होतं.

*

पेनांगला बोट लागली आणि पावसाची भुरभुर सुरू झाली. डोंगरावरच्या एका देवळाच्या ओल्या पायऱ्या आम्ही उतरत होतो. सगळी मंडळी पुढे, कानात यंत्रं. मी रेंगाळत मागे, फोटो काढत. हर्षद माझ्या दोन पायऱ्या खाली उभा होता, पायऱ्यांचा इतिहास सांगून नुकताच गप्प झालेला. माझी चप्पल सटकली, आणि...

“हळू गो! पाय घसरंल. धर, हात धर माझा!”

मी हात धरला. घट्ट. त्याचा तळवा पावसात भिजूनही गरम होता. त्यानं लगेच सोडला नाही, मी तर सोडायचं नावच काढलं नाही. पुण्याची इस्त्री कुठल्या कुठे गेली होती. समोर उभा होता तो कुडपणचा पोरगा, आणि मला तो आवडत होता.

मग लक्षात आलं, खाली सगळी शांतता आहे. सगळा गट माना वळवून आमच्याकडे बघत होता. माईक चालूच होता! महाड-पोलादपूरच्या प्रत्येक कानात ते ‘हळू गो’ पोचलं होतं.

“अरे वा,” सहदेवकाका खालून ओरडले, “आमचे पाय घसरले तं कोण गो म्हणनार?”

हसण्याचा नुसता कल्लोळ झाला. हर्षदचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं हात काढून घेतला, माईकचं बटण दाबलं आणि त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी ‘मॅडम, कृपया’ सोडून एक अक्षर बोलला नाही. त्याच्या नोकरीत हे शोभत नव्हतं, मला कळत होतं. कळल्यानं दुखायचं थोडंच थांबतं!

परतीच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या दारात मी त्याला गाठलंच.

“रागावलात?”

“तुमच्यावर? नाही. चूक माझी होती.”

“कोणती चूक? माईक चालू राहिला ती... की म्हणालात ती?”

त्याचे ओठ हलले. मग खाली बघून तो म्हणाला, “दोन्ही.”

त्या रात्री मी आत्याकडे पाठ करून झोपले. तिनं अंधारातच माझ्या केसांवरून हात फिरवला. “वाट बघणं वाईट नसतं गो,” ती म्हणाली. “कुणाची बघायची ते ठरलेलं असलं म्हंजे झालं. माझं ठरलेलं होतं.”

*

मुंबई विमानतळावर सकाळचं ऊन होतं. आम्हाला महाडला न्यायला बस बाहेर उभी होती. हर्षद मात्र तिथेच थांबणार होता. त्याचा जपानचा गट संध्याकाळी निघायचा होता, आणि त्यानंतर एकामागून एक टूर, थेट शिमग्यापर्यंत. एका पिशवीत तो सगळ्यांची यंत्रं गोळा करत होता.

“सगळ्यांची आली?” त्यानं विचारलं.

मी काही बोलले नाही. माझं यंत्र माझ्या पर्समध्ये होतं. विसरून? छे... खरं सांगते, मुद्दाम. त्याचा आवाज ज्यातून यायचा, ती एक वस्तू तरी जवळ हवी होती.

मंडळी एकेक करून त्याला पाया पडू देत, पाठ थोपटत बसमध्ये चढली. शेवटी आत्या आणि मी.

“बरं मग,” तो म्हणाला. हिरकणीवाडीला उभा होता तस्साच उभा होता, मिटलेली छत्री हातात. “निघतो, मॅडम.”

मी आत्याकडे पाहिलं. आता ओरडेल, मेल्या म्हणेल, येतो म्हणावं म्हणेल! पण आत्या बोललीच नाही. तिनं फक्त त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बसची पायरी चढली.

खिडकीशी बसले. बाहेर बघवत नव्हतं. पनवेल किती जवळ आहे, एवढंच डोक्यात येत होतं. आता होकारच द्यायचा. दुसरं काय हातात होतं? हाताला चाळा म्हणून पर्समधून यंत्र काढलं, कानात खोचलं. नुसती खरखर. बसचं इंजिन सुरू झालं.

“एक यंत्र कमी आहे.”

मी दचकले. आवाज कानात होता.

“कोणाकडे आहे, मला माहीत आहे. मघाशीच माहीत होतं.”

खिडकीबाहेर पाहिलं. विमानतळाच्या काचेच्या दाराशी तो उभा होता, छातीवरचा माईक मुठीत धरून. बसमध्ये सहदेवकाका केळं सोलत होते, कुणी चपला शोधत होतं. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. सगळ्यांची यंत्रं त्याच्याच पिशवीत होती.

“परत द्यायची घाई नाही,” तो म्हणाला. “मीच न्यायला येईन, शिमग्याला. आईला घेऊन येईन. तोवर... तुला थांबायचं असेल तर. नसेल, तर राहू दे तुझ्याकडेच, आठवण म्हणून. त्या दिवशी माईक चालू राहिला, ती चूक. म्हणालो ती नाही.”

बस हलली. खरखर वाढायला लागली. मी काचेला हात लावला, त्यानं छत्री वर केली. डोळ्यांतल्या पाण्यानं तो नीट दिसेना.

“येतो गो,” तो म्हणाला.

आणि मग फक्त खरखर.

“या,” मी म्हणाले. त्या यंत्रातून बोलता येत नाही, हे ठाऊक होतं मला. फोनही होता हातात. पण उंबऱ्यातून निघालेल्या माणसाला ‘या’ हे तोंडानंच म्हणायचं असतं, म्हणून म्हणाले.

“काय गो?” शेजारून आत्यानं विचारलं.

“काही नाही.” मी डोळे पुसले. “आत्या, पनवेल यायच्या आत आईला फोन लाव. त्या लोकांना नाही म्हणून कळवायला सांग.”

“बरं. आणि आईनं कारण विचारलं तं काय सांगू?”

सातवीला शुद्ध मराठी शिकवणारी मी. पण तेव्हा तोंडातून आलं ते असं आलं:

“सांग तिला, ‘येतो’ म्हणून गेलेला माणूस हाय.”