पहिला घास

“तूच खातेस! कबूल कर आणि मोकळी हो.”

“मी खाल्लं असतं तर पोटभर खाल्लं असतं, दादा. कोपरा कुरतडायला मी काय उंदीर आहे?”

“मग मशीन खातं का?”

“ते तू मशीनला विचार. तूच आणलंस ना हौसेनं?”

सकाळची वेळ. दुकानाचं शटर अर्ध्यावर, खालून फुटपाथवरून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत होते. काउंटरवर बशीत कालचं चीज सँडविच होतं. दादानं ते पुरावा म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये जपून ठेवलं होतं. त्याचा एक कोपरा नव्हता. कापला नव्हता, तोडला नव्हता, चावला होता. दातांची स्वच्छ नक्षी, आणि मधोमध ब्रेडची एक बारीक पट्टी तशीच राहिलेली. चावणाऱ्याला पुढचा एक दात नसावा.

धाकटीचे सगळे दात शाबूत होते. दादाला ते दिसत होतं. पण दिसतं ते मान्य करायला छाती लागते, आणि त्याची छाती गिऱ्हाइकांपुढे फुगवण्यातच खर्च झालेली.

हे दुकान उभं केलं ते या दोघांच्या थोरल्या बहिणीनं. जुन्या भट्टीपुढे तिनं जन्म भाजून घेतला. भट्टीचं दार तोंडावर आपटून पडलेला दात तिनं कधी बसवला नाही. “हसायला कुठं वेळ आहे?” म्हणायची. रोजच्या पहिल्या सँडविचचा कोपरा ती स्वतः चावायची, जीभ पोळली तरी. मग लांब चिमट्यानं ओट्यावर टक टक करायची. म्हणजे माल बाहेर जाऊ द्या. “पहिला घास माझा. मी जगले तर गिऱ्हाईक जगेल.”

मग दादानं झटपट ओव्हन आणला. भट्टीला तापायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात यातून ढीगभर सँडविचं निघत. आत कडकडीत हवेचे झोत, शिवाय मायक्रोवेव्ह. दाराला काच नाही, आत काय चाललंय ते बघायची सोय नाही. आणि पंख्यांची घोंघों अशी, की शेजारच्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसावेत. मध्येच दार उघडलं तरच ती थांबायची.

भट्टी भंगारात गेली आणि थोरली मागच्या कोठीत, कांदे सोलायला. “ताई, तू आता आराम कर,” दादा म्हणाला. घरच्या बाईला कामावरून काढायची ही सभ्य रीत. बाईनं हळू सांगितलं तर ऐकू जात नाही, आणि मोठ्यानं सांगितलं तर ती कजाग. थोरली आपला चिमटा उचलून कोठीत गेली.

मग एका दुपारी काउंटरपुढे गर्दी होती. घोंघों चालू होती. त्या आवाजाच्या पोटातून धाकटीला हाक ऐकू आल्यासारखी वाटली. मशीन गप्प व्हावं म्हणून तिनं दाराला हात घातला. दादानं तो हात धरला. “मध्येच उघडू नको. माल वाया जाईल.”

माल वाया गेला नाही. थोरली कोठीच्या दाराआड मेलेली सापडली, मुठीत चिमटा. दारावर आतल्या बाजूनं चिमट्याचे ओरखडे होते.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांना काय ठाऊक! दुकान पुन्हा उघडलं त्या सकाळपासून पहिलं सँडविच चावलेलं निघू लागलं. मेकॅनिक आला, मशीन उसकटून बसला, दोष सापडला नाही. जाताना त्यानं जाळीतून काढलेला एक लांब पांढरा केस बोटावर गुंडाळून दाखवला. “एवढ्या उष्णतेत हा जळायला हवा होता,” एवढंच म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

“आता ऐक,” दादा म्हणाला, “आज पहिलं मी घालतो. तू तिकडे बेसिनपाशी उभं राहायचं. अख्खं निघालं तर एप्रन काढायचा, वरची खोलीही सोडायची.”

वरच्या खोलीशिवाय धाकटीला दुसरं छप्पर नव्हतं. हे त्याला चांगलं माहीत होतं.

“आणि चावलेलं निघालं तर?”

“तर तू म्हणशील ते.”

“एकच म्हणीन. त्या दुपारी हाक तुलाही ऐकू आली होती, एवढं तोंडानं बोल.”

“मशीन चालू होतं.”

“मी मशीनचं विचारलं नाही.”

दादानं कोठीकडे बघितलं. तिला त्या दिवसापासून कुलूप होतं आणि किल्ली त्याच्याच खिशात. त्यानं सँडविच आत सरकवलं, दार लावलं, बटण दाबलं.

घोंघों सुरू झाली. धाकटी बेसिनला पाठ लावून उभी राहिली. ओट्यावरचे चमचे थरथरत होते. चीज वितळल्याचा वास आला, आणि त्याच्यामागून दुसरा... सोललेल्या कांद्याचा. दुकानात आज कांदा चिरलाच नव्हता. मग आवाजाच्या पोटात आवाज. लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा. शब्द नव्हता. नुसती हाक होती.

तिनं दादाकडे बघितलं. त्याच्या मानेवर घाम होता. त्याचा हात दाराच्या मुठीपर्यंत गेला... आणि परत आला.

उघडलं नाही त्यानं. याही वेळी.

पिप् पिप् झालं. पंखे मंदावत थांबले. दादानं दार उघडलं, सँडविच बशीत ओढलं. सोनेरी, चारी कोपरे जागच्या जागी.

“अख्खं!” तो ओरडला, हसला, बशी तिच्या नाकाशी नाचवली. “बघ! डोळे फाडून बघ! म्हणे ताई खाते! चोराच्या उलट्या बोंबा. काढ तो एप्रन.”

धाकटीनं गाठ सोडायला हात मागे नेले. आणि मग ती तशीच थांबली.

थोरलीच्या मुठीतून सोडवलेला चिमटा त्या दिवसापासून मशीनवरच्या खिळ्याला टांगलेला असायचा. त्यानंतर कुणी त्याला हात लावला नव्हता. खिळा रिकामा होता.

कोठीच्या बंद दारामागून आवाज आला. टक... टक.

“उंदीर,” दादा पटकन म्हणाला.

टक... टक. या वेळी दाराच्या अलीकडून. कुलूप जागच्या जागी होतं.

“बोल की!” त्याचा आवाज चिरकला. पाठीमागं वळून बघायची त्याची छाती नव्हती. “अख्खं आलंय ना? आता काय म्हणणं आहे तुझं?”

धाकटी त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं ती म्हणाली,

“दादा... ते अख्खं आलं, म्हणजे ताई आता आत नाही.”