गाडीला धाप लागली तेव्हा

टाकीत पेट्रोल निम्म्याहून जास्त होतं. बॅटरी गेल्याच महिन्यात बदललेली. तरी गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, आणि बंद पडताना बॉनेटखालून एक लांब उसासा आला, माणसाने सोडावा तसा.

अकरा वर्षांच्या कौमुदीने भिकाजीमामाकडे पाहिलं. मामा समोर बघत होता. समोर बघण्यासारखं काही नव्हतं. एके काळी इथे मोठं तळं होतं. आता नुसता कोरडा तळ उरला होता आणि त्यावर पिठासारखी बारीक धूळ, वारा नसतानाही, हवेत उभी होती. दुपारचे तीन वाजले होते, पण सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं. इकडेतिकडे काही गाड्या दारं उघडी टाकून थांबलेल्या. आत कोणी नव्हतं.

मागच्या सीटवर ऑक्सिजनचा सिलिंडर पट्ट्याने आवळून बांधला होता. तळ्यापलीकडच्या संशोधन केंद्रात कौमुदीची आई एकटी राहायची. आठवडाभर तिला दम लागत होता, आणि जवळचा सिलिंडर पाचपर्यंत पुरेल, असं तिने सकाळी कळवलं होतं. आपोआप चालणाऱ्या विजेच्या नव्या गाड्या या धुळीत आंधळ्या होऊन थांबत. म्हणून मामाची ही साठ वर्षांची गाडी.

"मामा, कोणीतरी श्वास घेतंय."

"इंजिन आहे ते. तापलं की करतं असं."

"पण आता तर बंद आहे."

मामाने किल्ली चाचपली. ती बंदच होती.

"तुमच्या गाडीला हवा किती येते, तेच तिला कळत नाहीये," बाहेरून एक बाई म्हणाली.

मामाचा चेहरा उतरला. "हा तर केंद्रातल्या केसकरबाईंचा आवाज," तो पुटपुटला. "त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, कौमे."

काचेपलीकडे एक गंजका खांब होता. त्यावर डबा, डब्यात एक काचेचा डोळा.

"मी धूळमापक (हवेतले धुळीचे कण मोजणारं यंत्र) आहे," आवाज म्हणाला. "बाईंनी मला बनवलं आणि आवाज स्वतःचा दिला. इथे ऐकायला कोणी येत नाही, म्हणून मोठ्याने क्वचितच बोलते. बॉनेट उघडा. आज सकाळी गाडीचं काय केलंत?"

नाकाला रुमाल बांधून दोघं उतरले. मामा खांबाकडे न बघताच बोलला. "आज नरक चतुर्दशी. घरात सगळ्यांनी अभ्यंग केलं, म्हटलं हिलाही करावं. हिचा हवेचा फिल्टर कापडी आहे, तेल लावून वापरायचा. कागदी फिल्टर भरला की फेकावा लागतो, हा धुतला की परत वापरता येतो."

"तेल किती लावलंत?"

"बाटलीवर लिहिलं होतं, कापडाच्या प्रत्येक घडीवर तेलाची बारीक रेघ. आता सणाच्या दिवशी रेघेएवढ्या तेलाने कोण न्हातं? अर्धी बाटली जिरवली."

"बाई हसल्या असत्या," खांब म्हणाला. "कौमुदी, फिल्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला नळी आहे. आत बोट फिरव."

आपलं नाव याला कसं ठाऊक, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही. मग आठवलं, मामाने आताच हाक मारली होती. पण त्याने 'कौमे' म्हटलं होतं. तिने बोट फिरवलं. बोटावर तेल होतं आणि तेलात बारीक धूळ.

"फिल्टर असूनही धूळ आत कशी आली?"

"कापडाची भोकं मोठी असतात. हवा भरपूर जाते. धूळ अडवायचं काम चिकट तेलाचं. जाडी धूळ चिकटते. इथल्यासारखी अगदी बारीक मात्र काही निसटते. कागदाची भोकं फार लहान, म्हणून तो बारीक धूळही जास्त धरतो. आता तुमची गाडी का धापा टाकते ते ऐक. नळीत एक तापलेली तार आहे, केसासारखी. तो हवामापी (इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा भाग). हवा वाहिली की तार थंड होऊ बघते. तिला तापलेली ठेवायला किती वीज लागली, त्यावरून गाडी हवा मोजते आणि तेवढंच पेट्रोल सोडते. जास्तीचं तेल उडून तारेवर बसलं, त्यावर धूळ बसली."

"म्हणजे तारेने शाल पांघरली," कौमुदी हळूच म्हणाली. "मग तिला गार लागत नाही. गाडीला वाटतं, हवा थोडीच आहे. ती पेट्रोल कमी सोडते."

"आणि उपाशी इंजिन बंद पडतं. तार स्पिरिटच्या धारेने धुवा, बोट लावू नका. दुसरा फिल्टर डावीकडे मिळेल. चाळीस पावलांवर याच जातीची गाडी उभी आहे. तिच्यात कागदी आहे."

आईसाठी आणलेल्या औषधांच्या पिशवीत इंजेक्शनचं स्पिरिट होतं. मामा तार धुवायला बसला. कौमुदी निघाली. दहाव्या पावलाला मागची गाडी दिसेनाशी झाली. "अकरा," मागून आवाज आला, "बारा." मेलेल्या बाईच्या आवाजाच्या दोरीला धरून ती चालत राहिली. त्या गाडीच्या सीटवर धुळीत माणूस बसल्याचा खळगा तसाच होता. तिने तिकडे न बघता आतली दांडी ओढली, बॉनेट उचललं, फिल्टरच्या डब्याच्या पकडी काढल्या आणि फिल्टर घेऊन पळत परत आली.

"हा तर मळका आहे," मामा म्हणाला.

"झटका. थोडा मळ राहू द्या," खांब म्हणाला. "कागदावर बसलेली धूळच पुढची धूळ अडवते. अति झाली, की मात्र तो हवाही अडवतो. केंद्रापर्यंत चालेल."

फिल्टर बसला, किल्ली फिरली. इंजिन खोकलं, थरथरलं, मग एकसारखं गुणगुणू लागलं. पावणेपाचला ते पोचले. आई भिंतीला टेकून बसली होती, तिच्या सिलिंडरचा काटा लाल रेघेवर. मामाने सिलिंडर बदलला. कौमुदी तिच्या छातीवर कान ठेवून मोजत राहिली, श्वास लांब होईपर्यंत.

"त्या खांबाला माझं पूर्ण नाव कसं ठाऊक?" मग तिने विचारलं.

"रोज संध्याकाळी तो मला आकडे सांगतो," आई थांबत थांबत म्हणाली, "आणि मी त्याला तुझ्याबद्दल सांगते." तिने पडद्यावरचा एक आकडा दाखवला. "हा दुसऱ्या एका खांबाचा, सातव्याचा. तिथे आम्ही गवत लावलंय, मुळांनी माती धरून ठेवणारं. या महिन्यात त्याने प्रथमच धूळ कमी मोजली."

"किती?"

"फारशी नाही. पण कमी."

कौमुदीने बाहेर पाहिलं. धूळ तशीच उभी होती. सातवा खांब कोणत्या बाजूला, हे ती काचेतून शोधू लागली.