उन्हात ठेवलेली बाटली

"सरबत हाय का ते?"

नाल्यातलं गुलाबी पाणी मी बाटलीत भरत होते, तेवढ्यात मागून आवाज आला. वळून बघते तर कैलासचंद... रिसोडच्या लुगडी रंगवायच्या कारखान्याचे मालक नेमीचंदशेठ, त्यांचा मुलगा. डोळ्यांत नुसता खट्याळपणा!

"तुमच्याच कारखान्याचं हाय. घ्या ना घोटभर!" मी बाटली पुढं केली. "तुमी जैन, सोता पाणी फडक्यानं गाळून पेता, अन् हे नाल्यातून आमच्या बुद्धवाड्याच्या विहिरीत झिरपू देता? लाज नाई वाटत?"

त्याचे कान लाल झाले. म्हणाला, "वाटते. काय करू, सांगा."

आणि मेलं, तिथंच मला तो आवडला.

मी बी.एस्सी. झालेली, हायस्कूलची मास्तरीण. पुस्तकात वाचलेलं त्याला सांगितलं— रंगाच्या पाण्यात जखम धुवायचं पेरॉक्साइड, गंजके खिळे आणि लिंबू घालायचं, म्हणजे रंग तुटतो. दुसऱ्या दिवशी शेडच्या मागं गुपचूप भेटलो. त्यानं सगळं घालून आणलेल्या बाटलीतलं पाणी जेमतेम फिकं झालेलं.

"बाटली कुठं ठेवली होती?" मी विचारलं.

"सावलीत. लुगडी आमी सावलीतच वाळवतो... उन्हानं रंग उडते ना."

"अहो, मंग आपल्याले उडवाचाच तर हाय!"

दोघंही पोट धरून हसलो. बाटली घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर... जरा जास्तच वेळ राहिली.

त्या रविवारी कारखान्याच्या भर अंगणात, साऱ्या कामगारांसमोर बाटली उन्हात ठेवली. दुपार कलेपर्यंत पाणी नितळ! नेमीचंदशेठनी बाटली उचलून उजेडाला धरून बघितली.

"हौद बांधतो. पाणी असंच साफ करून सोडू," ते म्हणाले. "पण मास्तरीण, उद्यापासून इकडं यायचं नाई. लोक तुमच्या दोघायबद्दल बोलून राह्यले."

विहीर वाचली होती. पण शेडमागची भेट आता पुन्हा नाही. मी बाटली उचलून निघाले.

"थांब!" कैलासचंद गर्दीतून धावत आला आणि सगळ्यांदेखत त्यानं माझा हात धरला. "बाबूजी, लोक खरं तेच बोलून राह्यले. मले अंजनाशी लगन कराचं हाय."

"घराबाहेर काढीन!"

"काढा. हौद मात्र बांधा." मग माझ्याकडे वळून, एकदम हळू— "अंजना... तू हो म्हणशीन?"

"आता काहून हळू बोलतो रे?" मी म्हटलं. आणि अंगणातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडले, "हो!"